डिजिटल पाकीट : लोकांनी ते हाती का घेतले व हाती का ठेवले?

(प्राथमिक शिक्षकांच्या अभ्यासवर्गासाठी)

१. प्रास्ताविक

व्यवहारातील कोणत्याही नव्या साधनाचा विचार करताना दोन प्रश्न एकमेकांपासून निराळे ठेवणे इष्ट असते. लोकांनी ते साधन प्रथम हाती का घेतले, हा पहिला प्रश्न; आणि एकदा घेतल्यावर ते हाती का ठेवले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पुष्कळदा एखाद्या प्रसंगात सापडते. अडचण येते, शेजारी आग्रह करतो किंवा आरंभीच्या सवलतीचा मोह पडतो, आणि मनुष्य नवी वाट धरतो. दुसऱ्याचे उत्तर असे एका प्रसंगात मिळत नाही. अडचण दूर होते, सवलत संपते, जुनी वाट पुन्हा मोकळी होते. तरीही मनुष्य नव्या वाटेनेच जात राहतो. असे का व्हावे, याचा शोध घेण्यास मोबाइलवरून होणाऱ्या पैशांच्या देवघेवीइतके जवळचे उदाहरण आज दुसरे नाही.

हा विषय प्राथमिक शिक्षकाच्या कक्षेबाहेरचा आहे असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तसे नाही. दुकानातून साखर आणावयास धाडलेले मूल आज पुष्कळदा नोट न नेता घरचा मोबाइल नेते. सुटे पैसे मोजण्याचा जो सराव त्याला बाजारात आपोआप होत असे, तो त्यामुळे कमी होत चालला आहे. दुसरीकडे, खात्यातील रक्कम कोणी फसवून नेली तर काय करावे, हे विचारावयास गावातील प्रौढ मनुष्य अनेकदा शाळेच्याच पायऱ्या चढतो. मजुराची आठवड्याची कमाई एका क्षणात जाऊ शकते, आणि योग्य माहिती वेळेवर मिळाल्यास ती वाचूही शकते. यास्तव या साधनाचे स्वरूप व त्याच्या टिकण्याची कारणे शिक्षकाने नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

२. शब्दांचा अर्थ

प्रथम शब्दांचा अर्थ निश्चित केला पाहिजे. ‘डिजिटल पाकीट’ म्हणजे ज्यात पैसे अगोदर भरून ठेवावे लागतात असे मोबाइलमधील खाते. खिशातील पाकिटात शंभर रुपये ठेवावेत आणि त्यातून खर्च करावा, तसाच हा प्रकार होय. पाकिटात जेवढे असेल तेवढेच खर्चता येते. ‘यूपीआय’ ही व्यवस्था याहून वेगळी आहे. तीत पैसे अगोदर भरून ठेवावे लागत नाहीत. देणाऱ्याच्या बँक खात्यातून ते थेट घेणाऱ्याच्या बँक खात्यात जातात. मोबाइल केवळ निरोप पोहोचविण्याचे काम करतो.

लोकांच्या बोलण्यात हा भेद राहिलेला नाही. दुकानदाराच्या फळीवरील क्यूआर कोडकडे मोबाइल धरला की ग्राहकाच्या दृष्टीने पैसे ‘ऑनलाइन’ गेले. पुढे दोन्ही व्यवस्था जोडल्याही गेल्या. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार, पूर्ण ओळख पटविलेल्या पाकिटांतून यूपीआयने पैसे देता यावेत अशी तरतूद ३१ मार्च २०२२ पर्यंत करावयाची होती. म्हणून प्रस्तुत लेखात जेथे भेद महत्त्वाचा आहे तेथे तो सांगितला आहे. अन्यत्र ‘मोबाइलवरून पैसे देणे’ असा एकच विचार केला आहे.

३. नव्या पैशाचा पूर्वानुभव

पैशाचे रूप बदलण्याचा हा महाराष्ट्राचा पहिलाच अनुभव नव्हे. १ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयाचे सोळा आणे व चौसष्ट पैसे होत. त्या दिवसापासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. जुनी व नवी नाणी काही काळ बरोबरीने चालू राहिली. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत असल्यामुळे बाजारात हिशेबाची अडचण येई आणि रूपांतराची कोष्टके जवळ बाळगावी लागत. १ जून १९६४ पासून ‘नवा’ हे विशेषण गळून नुसता ‘पैसा’ उरला.

या अनुभवातून दोन गोष्टी शिकावयास मिळतात. पहिली ही की नवे नाणे कायद्याने एका दिवसात आले, तरी ते लोकांच्या हाती रुळण्यास काळ जावा लागला. दुसरी ही की सवय फार चिवट असते. पंचवीस पैशांचे नाणे ३० जून २०११ रोजी चलनातून गेले. तरीही ‘चार आणे’ आणि ‘सोळा आणे खरे’ हे शब्द मराठीत अद्याप जिवंत आहेत. जी सवय नव्याला आरंभी अडविते, तीच सवय पुढे त्या नव्याला धरून ठेविते. मोबाइलवरील देवघेवीच्या बाबतीत हेच घडले.

४. साधन हाती आले कसे?

भारतात डिजिटल पाकिटे २०१६ पूर्वीही होती. मोबाइलचे रिचार्ज करणे, विजेचे बिल भरणे, शहरात भाड्याची गाडी बोलावणे यांसाठी त्यांचा वापर होत असे आणि ग्राहक मिळविण्यासाठी कंपन्या खर्चाचा काही भाग परत देत. यूपीआयचे उद्घाटन ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते झाले. परंतु सामान्य मनुष्याने या साधनांकडे वळावे असा प्रसंग त्याच वर्षाच्या अखेरीस आला. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजार रुपयांच्या तत्कालीन नोटा रद्द झाल्याची घोषणा झाली. चलनातील एकूण रकमेपैकी सुमारे ८६ टक्के रक्कम या दोन नोटांत होती. नव्या नोटा पुरेशा येईपर्यंत बँकांपुढे रांगा लागल्या, आणि ज्यांच्याजवळ मोबाइल होता त्यांपैकी अनेकांनी पाकीट उघडले.

ही सक्ती फार काळ टिकली नाही. बचत खात्यातून रक्कम काढण्यावरील मर्यादा १३ मार्च २०१७ पासून पूर्णपणे उठल्या. केवळ नोटांच्या टंचाईमुळे लोक पाकिटाकडे वळले असतील, तर टंचाई संपताच त्यांनी ते सोडून द्यावयास हवे होते. तसे झाले नाही. निकोला क्रूझे, अपूर्व गुप्ता व फिलिप्पो मेझानोट्टी या अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याच प्रश्नाचा शोध घेतला. ज्या जिल्ह्यांत नव्या नोटा पोहोचण्यास अधिक अडचण झाली, तेथे डिजिटल पाकीट वापरणाऱ्या दुकानदारांची संख्या अधिक वाढली. आणि नोटा परत आल्यावरही ती वाढ ओसरली नाही. इतकेच नव्हे, तर नवे लोक त्यात येतच राहिले. एकाने पाकीट घेतल्यामुळे दुसऱ्याला ते घेणे लाभाचे होते, हे त्यामागील एक प्रमुख कारण असल्याचे या अभ्यासकांनी दाखविले.

पुढील काळाचे आकडे बोलके आहेत. यूपीआयवरील व्यवहारांची संख्या ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रथमच महिन्याला १०० कोटींच्या वर गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये तिने १,००० कोटींची, तर ऑगस्ट २०२५ मध्ये २,००० कोटींची मर्यादा ओलांडली. टंचाई केव्हाच विस्मरणात गेली होती, आणि साधन हाती राहिले होते.

५. केनियातील दाखला

हाच प्रश्न दुसऱ्या एका देशाच्या अनुभवावरून अधिक स्पष्ट होतो. आफ्रिकेतील केनिया देशात मार्च २००७ मध्ये ‘एम-पेसा’ ही सेवा सुरू झाली. स्वाहिली भाषेतील ‘पेसा’ हा शब्द आपल्या ‘पैसा’ या शब्दाचाच भाऊबंद होय. हिंदी महासागरावरील जुन्या व्यापाराबरोबर तो त्या किनाऱ्यावर गेला. नैरोबीसारख्या शहरात काम करणाऱ्या मनुष्याला गावी पैसे पाठवावयाचे असत. बँका थोड्या व दूर. म्हणून तो बसचालकाजवळ किंवा गावी जाणाऱ्या ओळखीच्या मनुष्याजवळ नोटा देई, आणि त्या पोहोचल्या की नाही याची काळजी वाहत राही. मुंबईच्या गिरणीत राबणारा कोकणातील चाकरमानी दरमहा मनीऑर्डर करी आणि घरची मंडळी पोस्टमनची वाट पाहत; ती अवस्था ज्यांना माहीत आहे, त्यांना केनियातील मजुराची गरज निराळी समजावून सांगावी लागणार नाही.

एम-पेसाने कोपऱ्यावरील लहान दुकानदाराला आपला प्रतिनिधी नेमले. त्याच्याजवळ रोख रक्कम भरावी, मोबाइलवरून संदेश पाठवावा आणि गावातील दुसऱ्या दुकानदाराकडून घरच्यांनी ती रक्कम घ्यावी, अशी ती साधी योजना होती. विल्यम जॅक व तवनीत सूरी यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले की घरात आजारपण आले किंवा पीक बुडाले, तर ही सेवा न वापरणाऱ्या कुटुंबांचा उपभोग सुमारे ७ टक्क्यांनी घटे. वापरणाऱ्यांचा मात्र घटत नसे. कारण अडचणीच्या वेळी दूरच्या आप्तांकडून त्यांना त्वरित साहाय्य मिळे. अडीअडचणीला उपयोगी पडलेली वस्तू मनुष्य सहसा टाकीत नाही.

परंतु तेच साधन सर्वत्र रुजते असे नव्हे. एम-पेसा २०१३ साली भारतातही सुरू करण्यात आले. येथे ते मूळ धरू शकले नाही, आणि जानेवारी २०२० मध्ये त्याचा परवाना संपुष्टात आला. मधल्या काळात, ऑगस्ट २०१४ पासून, जनधन योजनेखाली कोट्यवधी लोकांची बँक खाती उघडली गेली होती आणि यूपीआयमुळे त्या खात्यांतून थेट पैसे पाठविता येऊ लागले होते. ज्या मनुष्याजवळ खाते आहे, त्याला निराळ्या पाकिटात पैसे भरण्याची गरज कमी भासते. साधन तेच होते. गरज तीच राहिली नव्हती.

६. साधन हाती राहण्याची कारणे

वरील दोन्ही दाखल्यांवरून टिकण्याची कारणे पुढीलप्रमाणे मांडता येतील.

(अ) अपेक्षेप्रमाणे अनुभव. रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० साली ग्राहकाच्या समाधानाविषयी एक विचार मांडला. वस्तू घेण्यापूर्वी मनुष्याच्या मनात काही अपेक्षा असते. वापरल्यावर तो अनुभव त्या अपेक्षेशी ताडून पाहतो. अनुभव अपेक्षेइतका किंवा अधिक चांगला ठरला तर समाधान होते. याच विचाराच्या आधारे अनोल भट्टाचर्जी यांनी २००१ साली, संगणकाद्वारे बँकेचे व्यवहार करणाऱ्या ग्राहकांचा अभ्यास करून असे दाखविले की वापर चालू ठेवण्याचा निश्चय मुख्यतः या समाधानावर व प्रत्यक्ष जाणवलेल्या उपयुक्ततेवर अवलंबून असतो. जाहिरातीने मनुष्य दारापर्यंत येतो; घरात राहतो तो अनुभवाने. भाजीवालीने पहिल्या दिवशी भीत भीत क्यूआर कोड लावला, संध्याकाळी खात्यात रक्कम बरोबर जमा झालेली पाहिली, दुसऱ्या दिवशीही तसेच घडले, की तिची भीती हळूहळू जाते. प्रत्येक पूर्ण झालेला व्यवहार हे एक पाळलेले वचन असते.

(आ) सुलभता व उपयोग. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ साली असे मांडले की नवे साधन उपयोगी वाटणे व वापरण्यास सोपे वाटणे या दोन गोष्टींवर त्याचा स्वीकार अवलंबून असतो. मोबाइलवरून पैसे देण्याच्या बाबतीत हा उपयोग अगदी लहानसहान गोष्टींत दिसतो. सुट्या पैशांवरून होणारी कुरबुर टळते. दोन रुपये परत देण्याऐवजी ग्राहकाच्या हातावर गोळी ठेवण्याची दुकानदाराची युक्ती चालत नाही. गल्ल्यात रोकड साठत नाही, म्हणून चोरीचे भय कमी होते. कोणी किती दिले याची नोंद राहते. बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेणे १ जानेवारी २०२० पासून बंद करण्यात आले; त्यामुळे पाच-दहा रुपयांचा चहा विकणाऱ्यासही हे साधन परवडू लागले.

(इ) सर्वत्र स्वीकार. ज्या नाण्याला बाजारात कोणी घेत नाही, ते सोन्याचे असले तरी त्या दिवशी निरुपयोगी असते. आरंभीच्या पाकिटांची हीच अडचण होती. ग्राहकाचे पाकीट एका कंपनीचे व दुकानदाराचे दुसऱ्या कंपनीचे असेल, तर पैसे देता येत नसत. यूपीआयने ही भिंत काढली. ॲप कोणतेही असो, बँक कोणतीही असो, पैसे पोहोचतात. ग्राहक पुष्कळ आहेत म्हणून दुकानदार क्यूआर कोड लावतो, आणि दुकाने पुष्कळ आहेत म्हणून ग्राहक मोबाइल वापरतो. अशा रीतीने दोघेही एकमेकांस त्या साधनाशी बांधून ठेवतात. २०२४ साली याचा प्रत्यय आला. रिझर्व्ह बँकेने एका मोठ्या पेमेंट बँकेस १५ मार्चनंतर ग्राहकांची खाती व पाकिटे यांत नवी रक्कम जमा करून घेण्यास मनाई केली. तरीही त्या मार्च महिन्यात देशातील यूपीआय व्यवहारांची संख्या जानेवारीपेक्षा अधिकच होती. लोकांची निष्ठा कोणत्या एका कंपनीशी नसून त्या पद्धतीशी होती, असेच यावरून म्हणावे लागते.

(ई) विश्वास. चूक कधीच होत नाही म्हणून विश्वास बसतो असे नाही. चूक झाल्यास ती दुरुस्त होते असा अनुभव आल्यानेही तो बसतो. मध्येच नेटवर्क जाते, देणाऱ्याच्या खात्यातून रक्कम वजा होते व घेणाऱ्याला ती मिळत नाही, असे घडते. याविषयी रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने मुदती घालून दिल्या. यूपीआयने एका व्यक्तीने दुसरीस पाठविलेली रक्कम अशी अडकली तर ती व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि दुकानदारास दिलेली रक्कम अडकली तर पाच दिवसांत आपोआप परत यावी. उशीर झाल्यास दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असे त्यात ठरविण्यात आले. ज्याला हा नियम ठाऊक आहे तो एका बिघाडाने साधन टाकून देत नाही. ज्याला ठाऊक नाही तो, आपले पैसे बुडाले, असे मानून पुन्हा त्या वाटेस जात नाही.

(उ) सवय. पहिली चार कारणे काही काळ टिकली की पाचवे आपोआप येते. मनुष्य दर वेळी विचार करून मोबाइल काढीत नाही. हात आपण होऊन खिशाकडे जातो. या अवस्थेत साधन पूर्णपणे रुजले असे समजावे. परंतु धोकाही येथेच सुरू होतो.

७. सवयीतील धोका

ज्या कृतीची सवय झाली तिच्याकडे लक्ष राहत नाही. पैसे देताना दिसणारे नाव न वाचता पुढे जाणे, रकमेतील शून्य न मोजणे, कोणी फोनवरून घाई केली की सांगेल ते दाबणे, हे सारे सवयीचे दोष होत. फसविणारे लोक याच दोषांवर जगतात. ‘तुम्हाला पैसे मिळणार आहेत, त्यासाठी पिन टाका,’ ही त्यांची नेहमीची युक्ती होय. पिन लागतो तो पैसे देण्यासाठी. घेण्यासाठी तो कधीही लागत नाही. दुकानाच्या क्यूआर कोडवर रात्री दुसराच कागद चिकटविणे, किंवा पैसे दिल्याचे खोटे चित्र दाखवून माल नेणे, असेही प्रकार होतात. म्हणूनच अनेक दुकानदार रक्कम जमा झाल्याचे मोठ्याने सांगणारा साउंडबॉक्स ठेवतात.

हानी झाल्यास वेळेचे मोल फार असते. ग्राहकाची चूक नसताना व बँकेचाही दोष नसताना तिऱ्हाइताने खात्यातून पैसे काढले, आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने बँकेस कळविले, तर त्या हानीचा भार ग्राहकावर पडू नये, असे रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी ठरविले. डिजिटल पाकिटांसाठी तसेच नियम ४ जानेवारी २०१९ रोजी केले. उलटपक्षी ग्राहकाने आपला पिन किंवा ओटीपी स्वतःच दुसऱ्यास सांगितला असेल, तर बँकेस कळवीपर्यंतची हानी त्यालाच सोसावी लागते. सायबर फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर करता येते. हा क्रमांक शाळेच्या सूचनाफलकावर लिहिलेला असावा.

आणखी एक सूक्ष्म धोका आहे. हातातून नोट जाताना मनाला जी टोचणी लागते ती मोबाइलवर लागत नाही. ड्राझेन प्रेलेक व डंकन सिमेस्टर यांनी २००१ साली क्रेडिट कार्डाविषयी केलेल्या प्रयोगात असे आढळले की एकाच वस्तूसाठी कार्डाने पैसे देणारे लोक रोखीने देणाऱ्यांपेक्षा बरीच अधिक किंमत देण्यास तयार होतात. मोबाइल म्हणजे क्रेडिट कार्ड नव्हे. तरी न दिसणारा पैसा सहज सुटतो, हे पाहावयास दूर जावे लागत नाही. दहा-वीस रुपयांचे अनेक खर्च महिनाअखेरीस केवढे होतात, हे लिहून पाहिल्यावाचून कळत नाही.

८. रोख रकमेचे स्थान

मोबाइलमुळे रोख रक्कम नाहीशी झाली असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. नोव्हेंबर २०१६ च्या आरंभी देशात सुमारे १८ लाख कोटी रुपयांचे चलन लोकांत फिरत होते. मार्च २०२४ मध्ये ते सुमारे ३५ लाख कोटी होते. म्हणजे मोबाइलवरील व्यवहार वाढले आणि रोकडही वाढली. लोकांनी जुने टाकून नवे घेतले नाही. प्रत्येकाला त्याच्या जागी ठेवले. आठवडी बाजारात मिरची विकणाऱ्या वृद्धेजवळ मोबाइल नसेल, ऊसतोड मजुराच्या तळावर नेटवर्क नसेल, पावसात वीज गेली असेल. तेथे नोट व नाणेच कामास येते. ज्याच्याजवळ मोबाइल नाही तो अडाणी, अशी भावना मुलांच्या मनात निर्माण होऊ देता कामा नये. साधन मनुष्यासाठी आहे, मनुष्य साधनासाठी नव्हे.

९. शाळेचे कार्य

या विषयासाठी स्वतंत्र तासिकेची आवश्यकता नाही. गणित, भाषा व परिसर यांच्या पाठांतच तो गुंफता येतो. पुढील उपक्रम त्या दृष्टीने सुचविले आहेत.

पहिला उपक्रम : दुकानाचा खेळ. पहिली-दुसरीच्या वर्गात पुठ्ठ्याची नाणी व नोटा करून खरेदी-विक्री चालवावी. सत्तेचाळीस रुपयांची भाजी घेऊन पन्नासची नोट दिली, तर परत देताना ‘अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास’ असे पुढे मोजीत तीन रुपये हातावर ठेवण्याची जुनी रीत मुलांकडून करवून घ्यावी. वजाबाकीचा हा जिवंत पाठ बाजारातून नाहीसा होत असल्यास तो वर्गात जपणे शाळेचे काम आहे.

दुसरा उपक्रम : शून्याची किंमत. तिसरी-चौथीच्या वर्गात फळ्यावर ४७, ४७० व ४,७०० असे आकडे लिहावेत. दुकानदाराला पहिली रक्कम द्यावयाची असताना दुसरी किंवा तिसरी दाबली गेली तर किती रुपये अधिक गेले, हे मुलांनी काढावे. स्थानिक किमतीचा पाठ याहून अधिक परिणामकारक रीतीने क्वचितच शिकविता येईल.

तिसरा उपक्रम : नाव वाचा, रक्कम वाचा. एका कागदावर दुकानदाराचे नाव व रक्कम लिहून मुलाने ती दोन्ही मोठ्याने वाचावीत आणि वर्गाने ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ सांगावे. काही कागदांवर मुद्दाम दुसरे नाव लिहावे. वाचन हे केवळ पुस्तकासाठी नसून संरक्षणासाठीही असते, हे मुलांच्या लक्षात येईल.

चौथा उपक्रम : घरचा जमाखर्च. पाचवी ते सातवीच्या मुलांनी घरातील मंडळींच्या संमतीने एक आठवडा रोख खर्च व मोबाइलवरील खर्च निरनिराळ्या रकान्यांत लिहावा व बेरीज करावी. ज्यांच्या घरी मोबाइल नाही त्यांनी रोख खर्चाचाच हिशेब लिहावा. कोणाच्याही घरची रक्कम वर्गात जाहीर करू नये. बेरीज बरोबर आहे किंवा नाही एवढेच शिक्षकाने पाहावे.

याखेरीज पालकसभेत दोन गोष्टी आग्रहाने सांगावयाच्या आहेत. पिन हा घराच्या किल्लीसारखा असून तो खातेदाराजवळच राहावा; मुलाला दुकानात धाडावयाचे असल्यास त्याच्या हाती पिन न देता मोजके पैसे द्यावेत. आणि फसवणूक झाल्यास लाजेने गप्प न बसता तत्काळ बँकेस व १९३० क्रमांकावर कळवावे. फसला तो मूर्ख, असे हिणविल्याने दुसऱ्या खेपेस कोणी सांगावयास येत नाही, आणि त्यात चोराचेच फावते.

१०. उपसंहार

डिजिटल पाकीट लोकांनी हाती घेतले ते अडचणीमुळे. हाती ठेवले ते पाळल्या गेलेल्या वचनामुळे. पैसे वेळेवर पोहोचले, सर्वांनी ते स्वीकारले, चूक झाली तेथे ती दुरुस्त झाली, आणि अशा असंख्य लहान अनुभवांतून सवय जडली. हा विश्वास यंत्राने उत्पन्न केलेला नाही. दुकानदार, बँक, नियम करणारे व नियम पाळणारे या सर्वांनी मिळून तो उभा केला आहे, आणि एका दिवसाच्या गैरसावधपणाने तो ढळू शकतो. सवयीला सावधपणाची जोड देणे हे शिक्षणाचे काम होय. जे मूल पैसे देण्यापूर्वी नाव वाचते, शून्य मोजते आणि संध्याकाळी हिशेब लिहिते, त्याच्या हाती नोट असो वा मोबाइल, त्याचा पैसा सुरक्षित आहे.

अभ्यासवर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. एखादे साधन हाती घेण्याची व हाती ठेवण्याची कारणे निराळी का असतात? मोबाइलखेरीज गावातील दुसरे एखादे उदाहरण द्या.

२. एम-पेसा केनियात रुजले व भारतात रुजले नाही. या दोन ठिकाणांच्या परिस्थितीत कोणता फरक होता?

३. व्यवहार अडकल्यास रक्कम परत मिळण्याच्या मुदती पालकांस कोणत्या रीतीने समजावून सांगता येतील?

४. सुटे पैसे मोजण्याचा मुलांचा सराव कमी झाला आहे काय, हे आपल्या वर्गापुरते पाहून पुढील सभेत निवेदन करावे.